घास नाही, धार

भाताची झोडणी सुरू झाली की आमच्या रिह्याच्या खोऱ्यात ज्याला त्याला आपापला वास येतो. सुट्टीला फार्महाऊसवर उतरलेल्या मंडळींना पेंढ्याचा येतो. ते डोळे मिटून त्याला 'मातीचा वास' म्हणतात आणि आम्ही त्यांना म्हणू देतो. आमच्या शैलाला, म्हणजे बायकोला, नव्या इंद्रायणी तांदळाच्या वाफेचा येतो. आणि मला येतो कुत्र्याच्या कानाचा.

हसू नका. आंबून उतू गेलेलं इडलीचं पीठ आणि त्यात कुणीतरी विसरलेला ओला मोजा, असा तो वास. काल संध्याकाळी शेजारच्या खळ्यावर पहिली पेंढी आपटली, दाणे तडतडले, हवेत ती बारीक पिवळी धूळ उठली, आणि मी अंगणात होतो तिथंच खाली बसून आमच्या दिवाणाचा कान उलटा करून हुंगला. कान स्वच्छ होता. गुलाबी, कोरडा, एखाद्या सज्जन माणसासारखा. पण नाकाला कोण समजावणार? नाक अजून त्या हंगामातच बसलंय, ज्या हंगामात मला दगा झाला. तोही एकाकडून नाही. दुधानं केला, मित्रानं केला, आणि ज्याच्यासाठी मी गावभर हसं करून घेतलं त्या चार पायांच्या प्राण्यानं तर अक्षरशः तोंड वासून केला.

दिवाण हा कुत्रा. पिल्लू म्हणून घरात आला तो थेट ओसरीवरच्या दिवाणावर चढला, आणि उतरलाच नाही. पाहुणे आले की पाहुणे सतरंजीवर आणि हा वर. अंगाचा रंग गुळाचा, शेपूट गावठी, पण कान लांब, लोंबते. कुठल्यातरी फार्महाऊसच्या उंची कुत्र्यानं आमच्या गावात येऊन गाजवलेल्या पराक्रमाची ती खूण. तेच कान पुढे आम्हाला नडले.

त्या वर्षी कापणीच्या सुमाराला दिवाण खाजवू लागला. आता भाताच्या हंगामात आमच्याकडे कोण खाजवत नाही? लोंबीवरची बारीक काटेरी कूस उडते, मानेत जाते, बंडीत शिरते. सरपंच खाजवतो, पाहुणा खाजवतो, सत्काराला बोलावलेला प्रमुख पाहुणा व्यासपीठावर खुर्चीच्या पाठीला पाठ घासतो. हे मी स्वतः पाहिलंय, कारण माझा धंदा मंडप आणि स्पीकरचा आहे आणि माईकही मीच धरतो. (माईक नसला तरी हे तसंच बोलतात, अशी घरची तक्रार आहे.) तेव्हा कुत्रा खाजवतोय तर त्याला कूस लागली, असा निकाल गावानं दिला. कुणी खोबरेल सांगितलं, कुणी कडुनिंब. दिवाण पंजे चाटत राहिला, चाटून चाटून पायाचे केस गंजलेल्या तारेसारखे लालसर झाले. डोकं एकाच बाजूला झुकवून बसायला लागला, जणू सतत कुणाचं तरी गुपित ऐकतोय. मग तो वास आला. मग एक दिवस कानाला हात लावला तर माझ्या अंगावर आयुष्यात कधी न गुरगुरलेला दिवाण गुरगुरला, आणि लगेच ओशाळून त्यानं माझा हात चाटला. ते चाटणं मला जास्त लागलं.

सूसला नव्या सोसायट्यांच्या रांगेत जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. तरुण बाई, हसतमुख, पण प्रश्न विचारताना फौजदार.

"काका, ही खाज कधीपासून?"

"कापणीपासून. कूस."

"त्याआधी? पावसाळ्यात कान झाले नव्हते?"

शैला म्हणाली, "झाले होते की. आणि उन्हाळ्यात पण एकदा."

"मग ही कूस नाही. कूस हंगामापुरती. हा बारमाही खाजवतोय. खातो काय?"

"दोन वेळ भाकरी. बाकी काही नाही," मी छातीठोक सांगितलं.

बाई नुसत्या शैलाकडे बघत राहिल्या. आणि माझ्या बायकोनं, जिच्याबरोबर मी जन्माच्या गाठी वगैरे बांधल्या, तिनं भर दवाखान्यात तोंड उघडलं. "भाकरीवर दूध असतं. सकाळी चहातला पाव. हे जेवताना ह्यांच्या ताटातलं. दह्याचं भांडं तोच चाटतो. खरवडी. कुणाच्या लग्नात ह्यांच्याबरोबर गेला तर पनीर."

मला त्यात खोटं बोलल्यासारखं वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. आपल्याकडे कुत्र्याला कुणी जेवायला घालत नाही, तुकडा 'टाकतात'. आणि टाकलेल्याचा हिशोब जेवणात धरत नाहीत. माणसाचंही तसंच. 'काही खाल्लं नाही हो, नुसतं तोंडात टाकलं,' असं म्हणणारी माणसं किलोकिलोनं वाढताना आपण बघतोच.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. पोट बिघडतं, जुलाब होतात, ते बऱ्याचदा न पचल्यामुळे. पण खाज, पंजे, सारखे सारखे कान, ही ॲलर्जी असू शकते, आणि ती बहुतेक वेळा नव्या खाण्याची नसते, रोजच्या, वर्षानुवर्षांच्या खाण्याची असते. रक्त तपासून त्याचा भरवसा देता येत नाही. उपाय एकच. जे त्यानं आजवर खाल्लेलं नाही असं दोनच पदार्थांचं खाणं, आठ आठवडे, आणि त्याबाहेर कण नाही. "कण म्हणजे कण, काका. एका चमच्यानं सगळं पाण्यात जातं. आणि कानाचं हलकं घेऊ नका. आतला मार्ग सुजून अरुंद होत चाललाय. असंच चालू राहिलं तर तो बंद होईल. मग ऑपरेशन, आणि ऐकू येणं जाईल."

माझ्या आवाजावर जगणारं घर आहे आमचं. त्यातला एकटा दिवाणच मी बोलायला लागलो की उठून आत जात नसे. तो बहिरा झाला तर मी बोलायचं कुणाशी?

आमच्या घरात मासे शिजत नाहीत, म्हणून मासे ठरले. धरणातले मासे आणि उकडलेलं रताळं. शैलानं अंगणाच्या टोकाला वेगळी चूल मांडली, नाकाला पदर लावला आणि मार्गशीर्षाच्या तोंडावर माशाचं पातेलं चढवलं. पहिल्याच दिवशी गडग्यावरून तुक्या डोकावला.

तुक्या म्हणजे तुकाराम. त्याचा गोठा आणि माझं अंगण यांच्यामध्ये कमरेएवढा दगडी गडगा. आम्ही एकाच वर्गात एकाच बाकावर, एकाच मास्तरांच्या एकाच छडीखाली वाढलो. त्याचा मुलगा मारुंजीला राहायला गेला, बायको देवाघरी गेली, आणि त्याच्याजवळ उरली चंद्री नावाची म्हैस आणि एक वाक्य. ते वाक्य तो देवळात, चावडीवर, मयतीत, कुठेही म्हणायचा: "आयुष्यात दुदात पानी घातलं न्हाई म्या." आणि ते खरं होतं. माझी दोन्ही पोरं त्या दुधावर वाढली. त्याच्या दुधाच्या सायीवर माशी बसली तर बुडायची नाही, असं मी एकदा माईकवर म्हणालो होतो, तेव्हा तो रडला होता.

"रताळं?" तुक्या म्हणाला. "उपास धरला का काय दिवाणानं?"

आणि माझ्या डोक्यात दिवा लागला! आठ आठवडे कण नाही, हे गावाला कसं सांगायचं या विवंचनेत मी होतो. 'ॲलर्जी' म्हणालो असतो तर लोक म्हणाले असते, शेरातली थेरं. 'पथ्य' म्हणालो असतो तर 'एवढ्याशानं काय होतंय' म्हणत टाकलाच असता तुकडा. पण उपास! उपास मोडायचं पाप आमच्या गावात कुणी डोक्यावर घेत नाही. भुकेनं चक्कर आलेल्या बाईला लोक वारा घालतील, पण भात देणार नाहीत.

त्याच दिवशी झोडणीला सगळं गाव खळ्यांवर होतं. मी स्पीकर लावला. "समस्त ग्रामस्थांना नम्र निवेदन! आपले सर्वांचे लाडके श्रीयुत दिवाण यांनी प्रकृतीच्या कारणास्तव कडक उपास धरला असून, कुणीही त्यांना भाकरी, भात, हाडूक, बिस्कीट देऊन त्यांचं व्रत मोडू नये. उपासाला रताळं आणि मासे चालतील!"

"मासं?" खळ्यावरून कुणीतरी ओरडलं.

"त्यांच्या पंथात चालतात!" मी ठोकून दिलं. खळ्यांवर हशा पिकला. इतकी दाद मला लग्नात कधी मिळाली नव्हती. दिवाण माझ्या पायाशी बसून डोकं वाकडं करून ते ऐकत होता.

आणि गावानं शब्द पाळला. लेकरांनी हातातली बिस्किटं पाठीमागे धरली. मटणाच्या दुकानदारानं दिवाणाला पाहून हात जोडले. कानात औषध, पोटात रताळं, आणि हळूहळू दिवाणाचं डोकं सरळ झालं. पंजे चाटणं थांबलं. वास गेला. मी सकाळी त्याला 'बोल दिवाणा' म्हणालो की दोन्ही कान उभारायचा प्रयत्न करायचा, लोंबते असूनही. मी स्वतःला मनातल्या मनात हार घातला.

मग मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी चंद्री व्याली. कित्येक महिने ती आटलेली, तुक्याच्या घरात पिशवीचं दूध. त्याला ते पिताना अपमान वाटायचा. पारडी झाली. घरोघर खरवस गेला, आमच्याकडेही आला, शैलानं तो दिवाणाच्या नजरेआड कपाटात ठेवून खाल्ला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत दिवाणाचं डोकं पुन्हा वाकडं झालं. पंजा तोंडात गेला. मी कान उलटला. ओला मोजा, इडलीचं पीठ.

"कुणीतरी काहीतरी देतंय, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी दिसली. "आत सूज वाढलीये. आता मात्र कण जाता कामा नये."

मी चिडलो. माझ्या गावावर आळ? घरी आलो आणि खळ्यावर कोर्ट भरवलं. जो समोर येईल त्याला भाताच्या पेंढीवर हात ठेवायला लावला. हातात लक्ष्मी आहे, खरं बोला. सगळ्यांनी शपथा घेतल्या. तुक्यानं सगळ्यात मोठ्यानं घेतली. एक हात पेंढीवर, दुसरा माझ्या गळ्यावर. "तुज्या गळ्याची आन! माज्या हातनं एक घास गेला न्हाई ह्याच्या तोंडात."

मी त्याला मिठी मारली. मिठी!

त्यानंतर एका सकाळी सूप मागायला म्हणून गडगा ओलांडून त्याच्या गोठ्याकडे गेलो. उगवतीचं ऊन नुकतंच आत शिरलं होतं. गोठ्याचं दार कधी बंद नसायचंच. आत चंद्री रवंथ करत उभी, खाली तुक्या गुडघ्यात चरवी धरून बसलेला, आणि समोर, दोन हात अंतरावर, माझा दिवाण. पाठ ताठ, डोळे अर्धे मिटलेले, तोंड वासलेलं. तुक्या धार काढत होता, चरवीत चर्र चर्र आवाज घुमत होता, आणि मध्येच न बघता, म्हशीशी चाललेलं बोलणं न थांबवता, त्यानं मनगट किंचित वळवलं. पांढरी, बारीक, गरम धार उन्हातून कमानीसारखी गेली आणि थेंब न सांडता थेट दिवाणाच्या तोंडात. मग पुन्हा चरवी. मग पुन्हा कमान.

खरं सांगतो, आधी मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. असं देखणं दृश्य मी कुठल्या रंगमंचावर पाहिलेलं नाही. दगा मागाहून पोचला.

"तुक्या!"

तो दचकला नाही. "ये. च्या घेतुयास?"

"गळ्याची आण घेतली होतीस माझ्या!"

"मंग? घास दिला का म्या?"

"मग हे काय आहे?"

"ही धार हाय. घास न्हवं."

"धार म्हंजे काय वारं हाय व्हय रं? दूध हाय ते!" माझीही भाषा गोठ्यात शिरली.

"दूदच हाय की. आन उपासाला दूद चालतं. तूच बोंबललास न्हवं माईकवर, उपास हाय म्हनून? भाकर नगं म्हनलास, हाडूक नगं म्हनलास. दुदाचं नाव घेतलंस का?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं, समोरच्या दिवाणासारखं. माईक हातात असताना शब्द माझे नोकर असतात अशी माझी समजूत होती. ते आता तुक्याच्या गोठ्यात धार काढत बसले होते.

"त्याचा कान चाललाय, तुक्या. बहिरा होईल तो. ह्या दुधानंच."

तुक्या उठला. चरवी हातात, आणि चेहरा असा, की जणू मी त्याच्या म्हशीला नाही, त्याच्या आईला बोललो. "दुदानं? माज्या दुदानं? तुजी पोरं वाढली न्हवं ह्याच्यावर? किती महिन्यांनी घरात दूद आलं, हे दारात येऊन बसलं, त्येला काय न्हाई म्हनू? दुदाला न्हाई म्हनत्यात व्हय? जा, तुज्या डाक्टरनीला सांग, पानी घालून इकणाऱ्यांकडं बघ म्हनावं आदी."

आणि दिवाण? तो माझ्याकडे आला नाही. मी 'चल' म्हणालो, त्याला ऐकू गेलं, अजून जात होतं. पण तो तुक्याच्या पायाशी बसून राहिला. मिशांवर दुधाचे थेंब.

त्यानंतर गडग्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. दिवाणाला मी साखळीला बांधला, आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून. सकाळी चरवीचा आवाज आला की तो साखळी ताणून रडायचा, आणि पलीकडे तुक्या मुद्दाम मोठ्यानं खाकरायचा. मी शैलाला म्हणालो, "बालमित्र!" ती म्हणाली, "त्यांनी खोटं नाही सांगितलं काही." तिचाही दगा मी नोंदवून घेतला.

पण सगळ्यात मोठा दगा मला दुधाचा वाटत होता. माणूस फसवतो हे ठाऊक असतं, पण दूध? ज्याच्यावर आपली सगळी भाषा तरंगते, ते? सुखाला आपण दुधात साखर म्हणतो, नातवंडांना दुधावरची साय म्हणतो. देवाला दूध, तान्ह्याला दूध, उपासाला दूध. आणि ते आमच्या ओसरीवरच्या एका जिवाच्या कानात रोज थोडं थोडं, प्रेमानं, विष होत होतं. विषाची चव कडू असावी एवढी साधी अपेक्षा माणसानं ठेवू नये का?

शिमग्याच्या आधी कान पुन्हा साफ झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता एक एक जुना पदार्थ देऊन बघायचा, म्हणजे गुन्हेगार पक्का कळेल. आधी दूध, थोडंसं, दोन-तीन दिवस; खाज दिसली की लगेच बंद. मी वाटी घेतली, गडग्याशी गेलो आणि किती तरी दिवसांनी त्याचं नाव घेतलं.

"तुकाराम. दूध दे. दिवाणाला पाजायचंय."

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे माज्या दुदाची परीक्षा व्हय? घे. काय व्हत न्हाई. मीच पाजतो." आणि गडगा ओलांडून आला, मांडी घालून बसला, वाटी धरली. त्या वेळी त्याचा चेहरा मला निवडणुकीत जिंकल्याची खात्री असलेल्या उमेदवारासारखा वाटला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी तो वाटी घेऊन आला तेव्हा दिवाण अंगणात बसून पंजा चाटत होता, डोकं वाकडं.

तुक्यानं वाटी खाली ठेवली. दिवाणाजवळ बसला. त्याचा कान हलकेच उलटला. आत लाल, ओला. त्यानं वास घेतला. मी इतके दिवस या क्षणाची तालीम केली होती. 'आता बोल!' हे वाक्य मी तीन पट्ट्यांत म्हणून ठेवलं होतं.

"माज्या हातनं," एवढंच तो म्हणाला. दिवाणानं उठून वाटीत तोंड घातलं तेव्हा त्यानं वाटी उचलली आणि आमच्या कर्दळीच्या मुळाशी ओतली. जो माणूस दुधाचा थेंब सांडला तरी जमिनीला हात लावून कपाळाला लावायचा, त्यानं.

दुसऱ्या दिवसापासून धार काढताना गोठ्याचं दार बंद व्हायला लागलं. कधी बंद न झालेलं ते दार. कडी गंजलेली होती, ती ठोकून बसवल्याचा आवाज मी ऐकला. दिवाण दाराबाहेर बसायचा. आत चर्र चर्र, आणि बाहेर हा, फटीला नाक लावून. आधी पंजानं दार खरवडलं, मग भुंकला, मग गप्प झाला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या हंगामात आपल्यालाच काय तो दगा झाला, अशी फुशारकी मी मारत होतो. मला निदान कशासाठी ते कुणीतरी सांगितलं होतं. तुक्याला डोळ्यांनी दिसलं होतं. याला कुणी काय सांगणार? याच्यापुरतं एवढंच, की एक दिवस जगातलं सगळ्यात चांगलं दार आतून लागलं.

आज सकाळी पुन्हा पेंढ्याचा वास होता, खळी गाजत होती. दिवाण आता तोंडाभोवती पांढरा झालाय. कान शाबूत आहेत, माझी सगळी भाषणं त्याला ऐकावी लागतात. धार संपली, कडी वाजली. तुक्या बाहेर आला, नळावर कोपरापर्यंत हात साबणानं धुतले. हे तो रोज करतो, त्याशिवाय दिवाणाला हात लावत नाही. दिवाण उठला, त्याच्यासमोर दोन हात अंतरावर बसला, पाठ ताठ केली, डोळे अर्धे मिटले आणि तोंड वासलं.

"उपास कवा सुटायचा रं ह्याचा?" तुक्यानं मला विचारलं. दर हंगामात एकदा विचारतो.

"न्हाई सुटायचा," मी म्हणालो.

त्यानं तांब्या भरला. उंच धरला, मनगट किंचित वळवलं, आणि पाण्याची बारीक धार उन्हातून कमानीसारखी दिवाणाच्या तोंडात गेली. थेंब सांडला नाही. दिवाणानं एकदा जीभ फिरवली, तुक्याकडे बघितलं, आणि पुन्हा तोंड उघडलं.

"आयुष्यात दुदात पानी घातलं न्हाई म्या," तुक्या म्हणाला आणि धार धरून राहिला. "आन ह्येला बघ. ह्येला नुसतं पानीच."